चावीखालचं रबर

"तुले सुराचा कान नाई," हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकलं. म्हणणारा परका असता तर तिथल्या तिथं त्याची गचांडी धरली असती. पण म्हणणारा माझा सख्खा मामा होता. बाप लवकर गेला तेव्हा आईला आणि मला ज्यानं आपल्या घरी आणलं, माझ्या हातात पहिली क्लॅरनेट दिली, माझी बोटं धरून एकेका भोकावर ठेवली, तो हा मामा. म्हणून मी विश्वास ठेवला. गाढवासारखा ठेवला.

आमचं गाव देवरीच्या पुढं, हायवेवर बसमधून उतरून आत तीन किलोमीटर. मामाचा बँड अकरा माणसांचा. पावसाळ्यात सगळे धानाच्या रोवण्याला, दिवाळी झाली की गावोगावच्या मंडयांना, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांना, आणि तुळशीचं लग्न आटोपलं की वरातीला. मामा बँडचा मास्तर. तो समोर उभा राहून छोटी क्लॅरनेट वाजवायचा आणि बाकी सगळ्यांनी आपला सूर त्याच्याशी मिळवायचा, हा नियम. मी त्याच्या मागं दुसरी क्लॅरनेट वाजवायचो.

एका उन्हाळ्यात मामा नागपूरच्या जुन्या वाद्यांच्या दुकानातून एक मोठी पेटी घेऊन आला. आत आल्टो क्लॅरनेट होती, कुठल्या तरी सरकारी बँडातून मोडीत निघालेली. नेहमीच्या क्लॅरनेटपेक्षा लांब, वर वाकडी नळी, खाली पितळेचा भोंगा आणि तो पुन्हा वर वळलेला. वरातीतली पोट्टी मला विचारायची, "काका, हा हुक्का हाय का जी?" सालेकशाच्या एका लग्नात तर एका म्हाताऱ्यानं खरंच तंबाखूची पुडी पुढं केली. मी म्हटलं, बुवा, आधी बँडची बिदागी होऊ द्या, मग ओढू.

मामा म्हणाला, "हे तूच वाजव. तुह्या छातीत दम हाय." मी वाजवली आणि पहिल्याच दिवशी वेडा झालो. छोटी क्लॅरनेट सगळ्या गल्लीला हाका मारते. ही तशी नाही. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, गोल, जवळ बसून बोलल्यासारखा. वरातीच्या गोंधळातही ज्याला ऐकायचं असेल त्यालाच तो ऐकू यायचा.

पहिल्या मोसमात माझ्या सुराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. उलट बिरसीच्या एका लग्नात गोंदियातल्या मोठ्या बँडचा मालक पाहुणा म्हणून आला होता. तिथल्या धावपट्टीवरची, विमान चालवायला शिकवणारी छोटी विमानं डोक्यावरून घरघर करत जात होती, तरी त्यानं मला बरोबर ऐकलं. जेवताना तो मामाला सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, ये लडके को हमारे पास भेजो. समोर उभा करतो याला." मामा हसला. म्हणाला, "घ्या ना जी, तुमचाच पोरगा हाय." मला वाटलं, मामाला अभिमान वाटला.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडं वाद्यांची पूजा. त्याच्या आधी तीन दिवस मामा अकरा जणांची वाद्यं आपल्या घरी नेऊन ठेवायचा. तेल, पुसणं, ढिल्या चाव्या कसणं, भोकं झाकणारी फाटलेली पॅडं चिकटवणं, सगळं एकटाच करायचा. वाद्य बाहेरच्या हातानं उघडायचं नाही, हा बँडचा दुसरा नियम. आम्हाला तो नियम फार पवित्र वाटायचा. दसऱ्याच्या दिवशी पाटावर मांडलेली चकचकीत वाद्यं, त्यांवर झेंडूची फुलं, आपट्याची पानं. आम्ही हात जोडून आपापलं वाद्य उचलायचो.

त्या दसऱ्यानंतरच्या पहिल्याच मंडईत मामा वाजवता वाजवता थांबला आणि मागं वळून म्हणाला, "तू खाली जाऊन राहिला." मी ओशाळलो. पुन्हा वाजवलं. "अजून खाली." त्या दिवसापासून ते सुरू झालं.

आता काय काय केलं ते सांगतो, कारण माझा राग त्यातच आहे. रोज पहाटे बोडीच्या पाळीवर जाऊन एकच सूर दम संपेपर्यंत धरायचो. बोडी म्हणजे आमच्याकडचा शेतातला छोटा तलाव, पाळ म्हणजे त्याचा बांध. बायको म्हणायची, "बोडीतल्या मासोळ्या बी पळून गेल्या असतील जी." आधी गार वाद्यात फुंकत होतो, मग कळलं की गार वाद्य उतरलेलं बोलतं, तर ते शर्टाच्या आत धरून ऊब देऊन वाजवायला लागलो. फुंकायच्या तोंडावरची वेताची पत्ती ब्लेडनं तासून पाहिली, पातळ केली, जाड ठेवली, रात्रभर पाण्यात ठेवली. वाकडी नळी जितकी आत जाईल तितकी दाबली. त्यानं एखादा सूर वर यायचा आणि बाकीचे आपसात भांडायचे. पॅडखाली पातळ कागद धरून ओढून पाहिला, हवा गळते का म्हणून. गळत नव्हती. मग दोष कुठं? माझ्यात. दुसरं काय समजणार होतो?

शेवटी एक उपाय सापडला. खालचा ओठ दातांवर घेऊन पत्तीला जोरानं दाबलं की सूर वर येतो. मी दाबायला लागलो. पहिल्या वर्षी ओठातून रक्त यायचं, मी तूप लावायचो. दुसऱ्या वर्षी तिथं घट्टा पडला. जबडा इतका दुखायचा की लग्नातल्या पंगतीत भाकर चावता येत नसे, मी वरणभात कालवून गिळायचो. आणि एवढं करून सूर जेमतेम मामाच्या जवळ पोचायचा. आवाजाचा तो गोलपणा तर गेलाच होता. आत कोणी गोधडी कोंबल्यासारखा दबका आवाज निघायचा.

मोबाइलवर सूर मोजायचं ॲप आलं तेव्हा मी ते घेतलं. सूर उतरला की काटा डावीकडं, चढला की उजवीकडं. माझा काटा डावीकडं पडलेला. मामाला दाखवलं तर तो भडकला. "मोबाइल वरात काढते का? माह्यासंगं मिळव. कान नाई अन् काटे पाहून राहिला!" बँडमधले सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

गोंदियाच्या मालकाचा निरोप मधल्या वर्षांत दोनदा आला. दोन्ही वेळा मी गेलो नाही. मामा अडवत नव्हता, हेच तर त्याचं कसब. तो म्हणायचा, "जा ना बाप्पा. पण तेथं नाक कापून येशील, अन् मंग मले तोंड दाखवू नको." ज्याला कान नाही तो कशाला जाईल?

गेल्या दिवाळीनंतर मालकाचा तिसऱ्यांदा फोन आला. यंदा त्यांना तीन क्लॅरनेटची वेगवेगळी बांधणी करायची होती आणि आल्टो वाजवणारा अख्ख्या जिल्ह्यात त्यांना मिळत नव्हता. "आठ दिन बाद आओ, सुन लेते हैं." या वेळी मी हो म्हटलं. का ते सांगतो. मी अडतीस वर्षांचा झालो होतो. समोर उभं राहण्याची हौस होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त, मला एकदा कोणा तिसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं की मला कान आहे की नाही. नाही म्हटलं असतं तर वाद्य पेटीत घालून मुकाट धानाचं पाहिलं असतं.

आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी एक पॅड निखळून पडलं. मामा राजनांदगावला मयतीला गेलेला. थांबायला वेळ नव्हता. बायको म्हणाली, "काऊन घाबरता? गोंदियाले घेऊन जा ना." नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तो नियम मोडला. आमगावमार्गे बसनं गोंदियाला गेलो आणि बाजारातल्या एका वाद्य दुरुस्तीवाल्याकडं पेटी उघडली. चश्मा कपाळावर चढवलेला म्हातारा, बोलणं निम्मं हिंदी, निम्मं मराठी.

त्यानं पॅड बसवायला एक चावी काढली. मग दुसरी काढली. मग काही न बोलता सगळ्याच काढायला लागला. मी म्हटलं, "काका, एकच पॅड निघालं आहे." त्यानं चिमट्यानं एका चावीच्या शेपटाखालून एक निळा तुकडा उपटला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"ये किसने चिपकाया?"

हवाई चपलेचं रबर होतं. खाली निळं, वर मळकट पांढरं. मी म्हटलं, "मामानं. आमच्याकडं असंच करतात, बूच कुठं मिळतं?"

"रबर से दिक्कत नहीं है भाई. मोटाई देखो." त्यानं मला समजावलं. चावी खट् वाजू नये म्हणून तिच्याखाली बुचाचा पातळ पापुद्रा लावतात. तोच जाड लावला तर चावी पुरती हलत नाही आणि तिचं पॅड भोकावरून अर्धंच उठतं. भोक अर्धं झाकलेलं राहिलं की सूर उतरतो आणि आवाज दबतो. "फूंकनेवाला मर जाए, तो भी सुर ऊपर नहीं आएगा."

मी तरीही मामाचीच बाजू घेतली. लाज वाटते सांगायला, पण घेतली. म्हटलं, "चुकून जाड लागलं असेल."

म्हाताऱ्यानं तो तुकडा नखानं उकलला. एकावर एक थर होते. खालचा कडक, तडकलेला. वरचा मऊ, नवा, त्यावरचा गोंद अजून पिवळाही पडला नव्हता. महिन्याभरापूर्वीच तर दसरा झाला होता. "गलती एक बार होती है," तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि कामाला लागला.

मी दुकानाच्या पायरीवर बसलो आणि मला हळूहळू सगळं उमगलं. मी जसजसा ओठ दाबून सूर वर नेत होतो, तसतसा मामा थर चढवत होता. आणि तो वाद्याला नाव ठेवत नव्हता, माझ्या कानाला ठेवत होता, कारण वाद्याला नाव ठेवलं असतं तर मी नऊ वर्षांपूर्वीच या पायरीवर येऊन बसलो असतो. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, लोक दिवाळीनंतरचं उरलंसुरलं सामान विकत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे, कोणी ऐका रे, माझ्या मामानं मला लुटलं!

म्हाताऱ्यानं सगळीकडं पातळ बूच लावलं. "गोंद सूखने दो. आज मत बजाना, कल सुबह." रबराचे तुकडे मी रुमालात बांधून घेतले.

गावी पोचलो तेव्हा चार वाजले होते. लग्नानंतर माझं घर वेगळं होतं, पण सरळ मामाकडं गेलो. मामा राजनांदगावहून परत येऊन अंगणात धानाच्या पेंढ्या रचत होता. आमच्या भागात भाच्याला मान असतो. भाचा घरी आला किंवा त्याच्या घरी गेलं की मामानं, कितीही म्हातारा असो, त्याच्या पाया पडायचं. मामानं ते कधी चुकवलं नाही. त्या दिवशीही तो हातातली पेंढी टाकून वाकला, माझ्या पावलांना हात लावला, तो हात कपाळाला लावला. मी त्याला पाया पडू दिलं. मग रुमाल उघडून त्याच्यासमोर धरला.

त्यानं पाहिलं. नाकारलं नाही. निदान खोटं तरी बोलायचं होतं!

"काऊन केलं मामा?"

तो खाटेवर बसला. "तू गेला असता."

"मग गेलो असतो! त्यात काय झालं असतं?"

"बँड बसला असता. अकरा घरं हाय त्याच्यावर. बिरसीले त्या मालकानं तुले मांगतलं, तवाच मले समजलं. तुहा कान माह्याहून चांगला हाय. हे मले पहिल्या दिसापासून मालूम हाय."

नऊ वर्षं ज्या एका वाक्यासाठी मी जबडा झिजवला, ते त्यानं असं सहज, धानाचा भाव सांगावा तसं सांगून टाकलं.

"मंग रोज सगळ्याइसमोर कान नाई असं कायले म्हणत होता?"

"नाईतं कसा थांबला असता तू?" तो म्हणाला. "अन् मी काही तोडलं नाई वाद्य. जरासं झाकलं."

जरासं झाकलं! मी रुमाल तिथंच झटकला आणि निघालो. मामी हातात चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिच्याकडंही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बोडीवर गेलो. गोंद वाळला होता. रागापेक्षा उत्सुकता जास्त होती, हे कबूल करतो. वाद्य शर्टात धरून ऊब दिली, मोबाइल समोर ठेवला आणि फुंकलं. आवाज निघाला, बाप रे, काय मोकळा निघाला! पहिल्या उन्हाळ्यातला तोच आवाज. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आणि मग मला ऐकू आलं. काट्याकडं पाहायची गरज नव्हती, तरी पाहिलं. काटा उजवीकडं पडला होता. पार उजवीकडं.

वाद्य ठीक झालं होतं आणि मी चढलो होतो. नऊ वर्षं दाबायची सवय झालेला ओठ आताही तेवढ्याच जोरानं दाबत होता. मी ओठ सैल सोडायला गेलो तर नुसती हवा निघाली, फुस्स. थोडा आवळला तर चिरका आवाज. मधलं काही माझ्या तोंडाला ठाऊकच नव्हतं. सहा दिवस मी सकाळ-संध्याकाळ तेच केलं. आरशासमोर बसलो. एखादा सूर दोन मोजेपर्यंत बरोबर लागायचा आणि माझं लक्ष जरा हललं की दात आपोआप मिटायचे. गाणं सुरू केलं की मग तर विचारूच नका.

गोंदियाला मालकानं मला दुकानाच्या वरच्या खोलीत ऐकलं. त्याचे दोन क्लॅरनेटवाले शेजारी बसले होते. मी तीन गाणी वाजवली. माझा प्रत्येक सूर त्यांच्यापेक्षा चढा जातोय हे मला ऐकू येत होतं आणि खाली आणता येत नव्हतं. मालक मध्येच एकदा म्हणाला, "होंठ छोड़ो, दबाओ मत." मी मान हलवली आणि पुन्हा दाबलं.

शेवटी त्यानं चहा मागवला. माणूस चांगला होता. म्हणाला, "बाजा एक नंबर आहे. आणि कान तर तुमचा एकदम पक्का. सूर चढला की माझ्याआधी तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कितने साल से दबा रहे हो?"

"नऊ."

"मग सुटायला दोन वर्षं तरी जातील. माझं पहिलं लग्न पंधरा दिवसांत आहे भाऊ."

मला कान आहे, हे मी मागायला गेलो होतो आणि ते मला मिळालं. बसमध्ये खिडकीशी बसून मी रडलो. शेजारच्या बाईनं विचारलं, "घरचं कोनी गेलं का जी?" मी हो म्हटलं.

तुळशीचं लग्न झालं. मोसमातली पहिली वरात दरेकशाला होती. आदल्या दिवशी दुपारी मामा माझ्या घरी आला. मी महिनाभर त्याच्याशी बोललो नव्हतो. गोंदियात काय झालं ते त्याला कळलं होतं, बँडवाल्यांमध्ये बातमी लपत नाही. या वेळी तो पाया पडला नाही. ओट्यावर बसला आणि पिशवीतून गोंदाची ट्यूब, कात्री आणि एक जुनी चप्पल काढली.

"आण इकडं," तो म्हणाला. "उद्या तू चढून वाजवला तर सगळ्याइचं बिघडंल. बसवून देतो पहिल्यासारखं."

त्याला काय काय म्हणायचं, कुठल्या शिव्या द्यायच्या, ते मी रोज बोडीवर घोकलं होतं. बायको दारात उभी राहून मला मानेनंच सांगत होती, देऊ नका. मी आत गेलो, पेटी आणली आणि त्याच्यापुढं ठेवली.

त्यानं चाव्या सोडवल्या. मापानं तुकडे कापून एकेक चिकटवला. हात अजून सफाईदार चालत होता. गोंद धरल्यावर त्यानं वाद्य जोडून माझ्या हातात दिलं. मी एक सूर लावला आणि डोळे मिटून ऐकला. किंचित वर होता, केसभर.

"मामा," मी म्हणालो, "अजून एक थर लागंल."